विहिरीतला दगड आणि ‘वय’ नावाचा रकाना

मे २०२३ मध्ये आमच्या घरामागची विहीर खोल करून घेताना एक दगड निघाला. तो नेमका कोणता दगड आहे, हे खात्रीने कळायला नोव्हेंबर उजाडला आणि त्याची शाळेच्या दप्तरी रीतसर नोंद व्हायला डिसेंबर. मी दोडामार्ग तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो; भूशास्त्राशी माझा संबंध पाठ्यपुस्तकातील दोन-तीन धड्यांपुरता होता. दगड कोणाकडे न्यावा, त्यातला किती पाठवावा, पैसे किती पडतात आणि उत्तर आले नाही तर कोणाला विचारावे, यातले मला काहीच ठाऊक नव्हते. आपल्या भागात आणखी कोणाच्या विहिरीतून असा दगड निघाला, तर त्याची इतकी ओढाताण होऊ नये म्हणून जे घडले ते त्याच क्रमाने लिहीत आहे.

विहिरीत वरचे वीसेक फूट जांभा होता. त्याखाली बारा-तेरा फूट पांढरट, मध्येच गुलाबी झाक असलेली चिकण माती लागली, जी पहिल्याच पावसात ढासळेल म्हणून चिऱ्यांचे कडे आधीच बांधून घ्यावे लागले. १५ मे रोजी चौतिसाव्या फुटावर ब्रेकरचा आवाज बदलला. कठीण खडकाचा फुटामागचा दर मातीच्या तिप्पट ठरलेला असल्यामुळे मी लगबगीने पाहायला गेलो, तर खाली उतरलेल्या गड्याने एक कपरा वर पाठवला आणि ओरडून सांगितले, “सर, हो काळो दगड नाय. हेका पट्टे आसत.” त्याचे निरीक्षण माझ्यापेक्षा चांगले होते. करडा-पांढरा आणि काळा असे एकाआड एक पट्टे, कुठे बोटभर रुंद, कुठे सुतळीएवढे बारीक, आणि तळहाताएवढ्या जागेत दोनदा मुडपलेले. काळ्या पट्ट्यावर नख लावले की अभ्रकाचे चमकते पापुद्रे सुटत. विहिरीला त्या खडकाच्या फटीतून पाणी लागले आणि घरच्यांच्या दृष्टीने प्रकरण तिथेच मिटले.

आमच्या प्रयोगशाळेत काचेचे एक कपाट आहे. त्यात जांभा, आंबोलीचा बेसाल्ट, रेडीचे लोहखनिज आणि एका बाटलीत समुद्रावरची काळी वाळू आहे. माझ्या आधीच्या शिक्षकांनी प्रत्येक नमुन्याला पुठ्ठ्याची चिठ्ठी लावली असून तिच्यावर नाव, ठिकाण आणि वय असे तीन रकाने आहेत. जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर मी विहिरीतला दगड कपाटात ठेवला आणि चिठ्ठीवर ‘बेसाल्ट, ६.६ कोटी वर्षे’ असे लिहून मोकळा झालो. सह्याद्री लाव्हाचा, कोकण सह्याद्रीच्या पायाशी, म्हणजे दगडही लाव्हाचाच, असा माझा सरळ हिशेब होता. पट्ट्यांचे काय करायचे, हा प्रश्न मी स्वतःला विचारलाच नाही.

तो प्रश्न जुलैमध्ये एका माजी विद्यार्थ्याने विचारला. तो गोव्यात भूशास्त्राचे पदवीचे शिक्षण घेत होता आणि कसलासा दाखला न्यायला शाळेत आला होता. कपाटासमोर उभा राहून तो म्हणाला, “सर, बेसाल्टात असे पट्टे असतात का?” त्याच्या मते तो पट्टिताश्म होता, म्हणजे जमिनीखाली खोल उष्णतेने आणि दाबाने रूप बदललेला पट्टेदार खडक, ज्याला भूशास्त्राची मंडळी नाइस म्हणतात तो. दख्खनच्या लाव्हाचे राज्य सिंधुदुर्गाच्या दक्षिण भागात संपत येते आणि ज्या जुन्या जमिनीवर तो लाव्हा पसरला, ती जमीनच आपल्याकडे उघडी पडते, हे त्याने मला वीस मिनिटांत समजावले. कोयनेच्या परिसरात भूकंपांच्या अभ्यासासाठी खोल भोके घेतली, तेव्हा सुमारे सव्वा किलोमीटर बेसाल्ट ओलांडल्यावर ग्रॅनाइट आणि पट्टिताश्म लागले. तिथे सव्वा किलोमीटरखाली असलेल्या खडकाचा हा भाऊबंद आमच्याकडे चौतीस फुटांवर लागला होता.

मी लगेच चिठ्ठी खोडली आणि नवे वय विचारले. त्याने सांगितले की जवळच्या अनमोड घाटातील पट्टिताश्माचे वय १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रुबिडियम-स्ट्रॉन्शियम मोजणीत (किरणोत्सारी मूलद्रव्यांवरून वय काढण्याची ही एक पद्धत) सुमारे ३४० कोटी वर्षे आले होते, त्यात १४ कोटी वर्षे इकडे-तिकडे. मी तोच आकडा लिहू लागलो, तेव्हा तो अवघडून म्हणाला, “पण सर, ते त्या दगडाचे वय झाले. शेजारच्या मुलाचा जन्मदाखला आपण आपल्या मुलाला कसा लावणार?” शाळेत दाखल्यांचा घोळ रोज पाहणाऱ्या माणसाला याहून चांगले उदाहरण सापडले नसते. पेन्सिलीने लिहिलेले ३४० मी पुसले. पुढचे पाच महिने तो रकाना रिकामा राहिला.

घाटावरच्या एका शहरातील महाविद्यालयाच्या भूशास्त्र विभागाला मी २२ जुलै रोजी ईमेल पाठवला. तीन आठवडे उत्तर आले नाही. दूरध्वनी केल्यावर कळले की वैयक्तिक विनंती घेतली जात नाही; शाळेच्या लेटरहेडवर, मुख्याध्यापकांच्या सहीशिक्क्याने, जावक क्रमांक घालून पत्र हवे. या वाटेने जाणाऱ्यांनी सुरुवातच अशा पत्राने करावी, निदान तीन आठवडे वाचतील. पत्रात नमुना कुठून आणि किती खोलीवरून घेतला, त्याखेरीज तुम्हाला नेमके काय करून हवे आहे तेही लिहावे. ‘दगडाची माहिती मिळावी’ असे मी लिहिले होते, त्यावर ‘कोणती?’ असा एका शब्दाचा शेरा होऊन पत्र परत आले. दुसऱ्या पत्रात ‘पातळ काप तयार करून खडकाचा प्रकार निश्चित करून मिळावा’ असे लिहिले, तेव्हा ते स्वीकारले गेले. एका कापाचे शुल्क ५०० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, असे ५९० रुपये मी ऑनलाइन भरले आणि पावतीची प्रत नमुन्यासोबत जोडली.

नमुना मात्र पहिल्या वेळी नापास झाला. विहिरीच्या काठावर टाकलेल्या ढिगातून मी दिसायला सुबक तुकडा निवडला होता, पण तो खडकाच्या कुजलेल्या वरच्या भागाचा होता. त्यातल्या फेल्स्पार या खनिजाची माती होऊ लागली होती आणि घासताना त्याचा भुगा झाला. कोकणातल्या पावसात कोणताही खडक बाहेरून आपला चेहरा बदलतो, त्यामुळे हातोड्याने फोडून आतला ताजा, ठणठणीत वाजणारा भाग घ्यावा, दोन मुठींएवढा तरी असावा, त्यावर मार्करने क्रमांक घालावा, फोडण्यापूर्वी शेजारी नाणे ठेवून छायाचित्र काढावे आणि वर्तमानपत्रात गुंडाळून कापडी पिशवीतच पाठवावा. दुसरा तुकडा मी २ सप्टेंबरला टपालाने रवाना केला. मग गणपती आले. चतुर्थीच्या आधी आठ दिवस आणि नंतर आठ दिवस आमच्याकडे कोणी कोणाला कसलीही विचारणा करत नाही, त्यामुळे वाट पाहणे त्या काळात तरी जड गेले नाही. पुढे ऑक्टोबरभर ‘यंत्र बंद आहे’ हेच उत्तर मिळत राहिले. शाळेतील सहकारी एव्हाना “तुमच्या दगडाचा निकाल लागला का?” असे विचारून हसू लागले होते, आणि खरे सांगायचे तर ५९० रुपये पाण्यात गेले असे मलाही वाटू लागले होते.

निकाल दिवाळीच्या सुट्टीत लागला. अहवाल टपालाने मागवण्याऐवजी मी स्वतः जायचे ठरवले, आणि या साऱ्या खटाटोपात तेवढा एक निर्णय मी शहाणपणाने घेतला. १६ नोव्हेंबर रोजी सावंतवाडीहून सकाळची एसटी पकडली. आंबोलीचा घाट मी शेकडो वेळा चढलो असेन, पण पायथ्याच्या अतिप्राचीन खडकांवरून आपली गाडी वरच्या लाव्हाच्या थरांवर चढते आहे, म्हणजे वर जावे तसतसा खडक तरुण होत जातो आहे, हे त्या दिवशी प्रथमच ध्यानात घेऊन खिडकीबाहेर पाहिले.

विभागातील मॅडमनी काचपट्टी हातात दिली. दगडाची चकती हिऱ्याच्या पात्याने कापून काचेला चिकटवतात आणि कार्बोरंडमच्या भुकटीवर ती ०.०३ मिलिमीटर जाडीची होईपर्यंत घासतात. मग दगडातून प्रकाश आरपार जातो. सूक्ष्मदर्शकात पाहिल्यावर विहिरीतला तो करडा दगड मला ओळखता आला नाही. स्वच्छ क्वार्ट्झ, बारीक रेघा-रेघांचे प्लॅजिओक्लेज फेल्स्पार आणि मधूनमधून चहाच्या रंगाचे कृष्णाभ्रक. मॅडमनी काचपट्टी थोडी सरकवली आणि एका अभ्रकाच्या पानावर थांबवली. त्या तपकिरी पानात एक अगदी लहान, रंगहीन कण होता आणि त्याच्याभोवती कागदावर तेलाचा थेंब पसरावा तसे काळसर वर्तुळ उमटले होते. सूक्ष्मदर्शकाचा मंच फिरवला की वर्तुळ गडद-फिकट होत असे.

तो कण झिरकॉन या खनिजाचा होता. झिरकॉन तयार होताना आपल्या स्फटिकात थोडे युरेनियम सामावून घेतो, पण शिशाला जवळजवळ थारा देत नाही. पुढे त्या युरेनियमचे अतिशय संथपणे शिसे होत राहते. युरेनियम-२३८ निम्मे होण्यास सुमारे ४४७ कोटी वर्षे लागतात, युरेनियम-२३५ ला सुमारे ७० कोटी. म्हणजे एकाच कणात दोन वेगळ्या गतीची घड्याळे चालतात आणि दोन्हींची वेळ जुळली, तर वयावर भरवसा ठेवता येतो. या विघटनात बाहेर पडणारे अल्फा कण शेजारच्या अभ्रकाला ०.०३-०.०४ मिलिमीटर अंतरापर्यंत इजा करतात आणि तिथे वर्तुळ काळवंडते. ही वर्तुळे किरणोत्साराने उमटतात, हे आयरिश शास्त्रज्ञ जॉन जोली यांनी १९०७ मध्ये मांडले. आमच्या विहिरीच्या तळाशी हे घड्याळ चालू होते आणि त्याचा डाग मी डोळ्यांनी पाहत होतो. मी बराच वेळ डोळा काढला नाही. मागे पदव्युत्तर वर्गाची मुले ताटकळली होती, हे नंतर कळले.

अहवालात प्रकार लिहिला होता ‘टोनलाइटी पट्टिताश्म’. टोनलाइट म्हणजे काय, हे विचारल्यावर मॅडमनी उत्तराची सुरुवात थेट पृथ्वीच्या जन्मापासून केली. सुमारे ४५४ कोटी वर्षांपूर्वीची पृथ्वी बहुतांशी वितळलेली होती. तिच्यावर पहिली साय धरली ती बेसाल्टच्या जातीच्या, गडद आणि जड खडकाची. ती साय आज कुठेच अखंड उरलेली नाही. ती पुन्हा पुन्हा खाली गेली, वितळली, उल्कांच्या माऱ्याने फुटली. खंडे त्या सायीची नव्हेत, तिच्यातून निथळलेल्या द्रवाची झाली. पाणी मुरलेला बेसाल्ट खोल जाऊन तापला की तो सगळा एकदम वितळत नाही. त्यातून आधी निघणारा थोडासा द्रव सिलिका आणि सोडियमने समृद्ध, हलका असतो. तो वर चढून थिजला की टोनलाइट आणि त्याची भावंडे तयार होतात, आणि जड चोथा खाली राहतो. मी म्हटले, “म्हणजे नारळाचा रस आटवून तेल काढतात तसे.” मॅडम हसल्या आणि म्हणाल्या की उपमा चालेल, फक्त तेल रसात आधीपासून असते, टोनलाइट मात्र बेसाल्टात तयार नसतो, वितळतानाच घडतो. शिवाय इथे पाणी आटवून टाकायचे नसते. पाणी मुरलेले असल्यामुळेच तो खडक कमी तापमानाला वितळू लागतो, म्हणून महासागर नसते तर इतकी खंडेही झाली नसती.

हलकेपणाचा मुद्दा मला सर्वांत पटला, कारण तो वर्गात दाखवता येतो. पाण्याची घनता १ धरली तर समुद्रतळाच्या कवचाची घनता सुमारे ३.० आणि जाडी सातेक किलोमीटर. खंडाच्या कवचाची घनता सुमारे २.७ आणि जाडी पस्तीस-चाळीस किलोमीटर. जड कवच पुन्हा प्रावरणात, म्हणजे कवचाखालच्या थरात, बुडते, त्यामुळे आजच्या महासागरांचा तळ सहसा २० कोटी वर्षांहून जुना सापडत नाही. हलके कवच तरंगत राहते आणि म्हणूनच अतिवृद्ध खडक केवळ जमिनीवर भेटतात. कॅनडातील अकास्टा येथील पट्टिताश्म सुमारे ४०३ कोटी वर्षांचा आहे. पश्चिम ऑस्ट्रेलियातील जॅक हिल्सच्या वाळूदगडात सापडलेला झिरकॉनचा एक कण सुमारे ४४० कोटी वर्षांचा आहे. त्याला जन्म देणारा खडक केव्हाच झिजून गेला. आपल्याकडे झारखंड-ओडिशातील सिंहभूमच्या खडकांतूनही सुमारे ४२४ कोटी वर्षांचे झिरकॉन मिळाले आहेत. धारवाडच्या ज्या प्राचीन भूखंडाचा आमचा भाग पश्चिमेकडचा काठ आहे, त्यातले पट्टिताश्म साधारण ३४० ते २५० कोटी वर्षांच्या दरम्यान, टप्प्याटप्प्याने घडले. बेसाल्ट खोल नेण्याचे काम त्या काळी एका भूपट्टाने दुसऱ्याखाली सरकून केले की जाड पठाराचा तळच तापून वितळला, यावर अभ्यासकांत अजून वाद आहे, आणि भूपट्टांची हालचाल केव्हा सुरू झाली हा त्याच वादाचा दुसरा भाग आहे. मॅडमनी दोन्ही बाजू सांगितल्या आणि आपली बाजू सांगितली नाही.

आता उरले वय. त्यासाठी दहा-पंधरा किलो ताजा दगड फोडून चाळायचा, पाण्यात हलके कण वाहून द्यायचे, उरलेले ब्रोमोफॉर्मसारख्या जड द्रवात सोडायचे, चुंबकाने लोहयुक्त कण बाजूला काढायचे, मग सूक्ष्मदर्शकाखाली सुईने एकेक झिरकॉन वेचून राळेत बसवायचा, आणि शेवटी लेसरने त्यावर केसाहून बारीक खड्डा पाडून युरेनियम-शिशाचे प्रमाण मोजायचे. हे यंत्र त्या विभागात नव्हते. जिथे आहे तिथे मंजूर प्रकल्पांची रांग होती आणि शाळेच्या कपाटासाठी कोणी पाळी देणार नव्हते. पण आमचे काही विद्यार्थी अशा कणांवर काम करतात, तुम्ही जड कण वेगळे करून आणलेत तर पुढे-मागे पाहता येईल, असे त्या म्हणाल्या.

तेवढ्या आशेवर मी सुट्टीचे उरलेले दिवस घालवले. लोखंडी खलबत्त्यात दगड कुटला, चाळला आणि मागच्या पडवीत पसरट ताटात पाणी घेऊन, तांदळातले खडे गाळतात त्या हाताने गोल-गोल हलवत बसलो. झिरकॉनची घनता सुमारे ४.७ आणि क्वार्ट्झची २.६५, त्यामुळे हलके कण कडेने निसटतात आणि जड तळाशी राहतात. आई बघत होती. “आम्ही तांदूळ ठेवून खडे टाकतो, तू उलटे करतोस,” एवढेच ती म्हणाली. चार दिवसांत नऊ किलो दगडातून चिमूटभर काळसर पूड राहिली, चुंबकाने तीतले मॅग्नेटाइट काढले, आणि ती काचेच्या कुपीत भरून मी २ डिसेंबरला पुन्हा आंबोली चढलो.

मॅडमनी पूड सूक्ष्मदर्शकाखाली धरली आणि विचारले, “ताट कोणते वापरलेत?” ताट शाळेचे होते. दरवर्षी त्याच ताटात मी मुलांना समुद्रावरची काळी वाळू गाळून दाखवतो, आणि किनाऱ्याच्या काळ्या वाळूत इल्मेनाइट या काळ्या खनिजाबरोबर झिरकॉनही असतो. पुडीतले काही कण खळखळत्या पाण्यात घासून गुळगुळीत झालेले होते. विहिरीतल्या खडकात तसे कण असण्याचे कारण नव्हते. उरलेले टोकदार कण आमच्याच दगडाचे असू शकतील, पण ते शपथेवर कोण सांगणार? कोणत्या नदीने कोणत्या डोंगरातून आणलेला झिरकॉन आमच्या विहिरीच्या नावावर चढला असता, कोण जाणे. कुपी त्यांनी परत दिली. परतीच्या गाडीत मला राग आला होता आणि तो ताटावर काढता येत नव्हता. ज्यांना हा भाग करायचा असेल त्यांनी नवे ताट, नवी चाळण घ्यावी, आणि दोन नमुन्यांच्या मध्ये केवळ धुण्यावर विसंबू नये.

दोन वेळचा प्रवास, टपाल, काप आणि हातोडा-छिन्नी धरून माझे एकूण २,१४० रुपये झाले. विहिरीचा खर्च यात धरलेला नाही. चिठ्ठीवर आता लिहिले आहे: ‘टोनलाइटी पट्टिताश्म; विहीर, चौतीस फूट; वय मोजलेले नाही.’ शेजारी काचपट्टी ठेवली आहे, आणि शाळेच्या सूक्ष्मदर्शकातूनही ते वर्तुळ दिसते. मंच थोडा डावीकडे घ्यावा लागतो. नोंदवहीचे काम मात्र इतके सोपे नव्हते. शाळेच्या टिकाऊ वस्तूंची नोंद असते त्या जडसंग्रह नोंदवहीत ‘खरेदी दिनांक’ आणि ‘किंमत’ हे रकाने रिकामे ठेवता येत नाहीत, म्हणून लिपिकांनी दिनांक म्हणून विहिरीतला दगड वर आल्याचा १५ मे घातला आणि किमतीत शून्य. डिसेंबरअखेरीस पडताळणी झाली, तेव्हा तपासणाऱ्या साहेबांनी दगड हातात घेऊन वस्तू जुनी दिसते, निर्लेखनाला घ्यायची का, म्हणजे नोंदीतून बाद करायची का, असे विचारले. लिपिकांनी माझ्याकडे पाहिले, मी मान हलवली, आणि त्यांनी शेवटच्या रकान्यात लिहिले: ‘सुस्थितीत’.